जयकरांचे दोन आणे आणि विजेची मोटार

‘किलोमीटरमागे रस्ताकर’ हे शब्द कानावर पडले की मोटारवाला दचकतो. आपली गाडी किती धावली हे सरकार मोजणार आणि त्यावर पैसे घेणार, ही कल्पना त्याला नवी आणि जाचक वाटते. खरे तर पेट्रोलची गाडी चालवणारा प्रत्येक जण हा कर आजही भरतो. तो पंपावर भरतो, इतकेच. पावतीवर तो वेगळा छापलेला नसतो, म्हणून खुपत नाही.

मी मीरा रोडला राहतो. आमच्या सोसायटीत गेल्या तीन-चार वर्षांत हिरव्या नंबरपाट्यांच्या गाड्या दिसू लागल्या, चार्जरसाठी तळमजल्यावरून वायर कुठून न्यायची यावर दोन सर्वसाधारण सभा वादळी झाल्या, आणि त्यातल्या एका सभेत कोणीसे म्हणाले, ‘हे लोक रस्ता फुकट वापरतात.’ या वाक्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी मी वही-पेन घेऊन बसलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही; पण बेरीज-भागाकाराला पदवी लागत नाही.

पेट्रोलचा भाव आपल्याकडे २०२५मध्ये लिटरला १०३ रुपयांच्या आसपास होता. त्यात केंद्राचे उत्पादनशुल्क २१ रुपये ९० पैसे. एप्रिल २०२५मध्ये ते दोन रुपयांनी वाढले. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. दोन्ही मिळून लिटरमागे साधारण ४६ रुपये कर होतो. शहरातल्या गर्दीत लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी धरली, तर किलोमीटरमागे तीन रुपये कर झाला. वर्षाला आठ हजार किलोमीटर गाडी चालवणारा माणूस असा चोवीस-पंचवीस हजार रुपये कर भरतो, आणि विचारले तर सांगतो, ‘रोड टॅक्स? तो गाडी घेतानाच भरलाय.’

आता विजेची गाडी. लहान आकाराची विजेची मोटार घरच्या मीटरवरच्या एका युनिटात, चार्जिंगमधली घट धरून, सहा किलोमीटर जाते असे मानू. वापर वाढला की घरगुती बिलाचा वरचा टप्पा लागतो. युनिटला सगळे धरून १२ रुपये पडले, तर किलोमीटरला दोन रुपये. पेट्रोलच्या गाडीला त्याच किलोमीटरसाठी जवळजवळ सात रुपये लागतात. विजेच्या बिलात राज्याचे विद्युतशुल्क आहे, घरगुती वापरावर १६ टक्के. त्याचा वाटा किलोमीटरमागे पंचवीस-तीस पैसे. ज्याला सोसायटीत चार्जर बसवू दिला जात नाही, तो बाहेरच्या जलद चार्जरवर जातो. तिथे युनिटला वीस रुपये किंवा त्याहून जास्त पडतात, त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, आणि त्याची बचत निम्म्यावर येते. खर्चाच्या या फरकाला गाडीपेक्षा सोसायटीचा ठराव जास्त जबाबदार असतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

म्हणजे एकाचा कर तीन रुपये, दुसऱ्याचा पाव रुपया. सभेतल्या त्या गृहस्थांचे म्हणणे इथवर बरोबर ठरते. पण हे तीन रुपये खरोखर रस्त्यासाठी असतात का? याचे उत्तर शोधायला जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते, आणि तिथे आपल्या ओळखीचा एक माणूस भेटतो.

पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात ज्यांनी दिवस काढले, त्यांना मुकुंद रामराव जयकर हे नाव विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ठाऊक असते. गोलमेज परिषदेच्या काळातली सप्रू-जयकर ही जोडीही इतिहासाच्या पुस्तकात भेटते. मात्र १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्तेविकास समितीचे अध्यक्ष हेच जयकर होते, हे रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांपलीकडे फारसे कोणी सांगत नाही. १९१९च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता. प्रांतांनी तो बहुतांशी जिल्हा लोकल बोर्डांच्या गळ्यात बांधलेला, आणि बोर्डांकडे पैसा नाही. रस्ते होते बैलगाडीच्या बेताचे. त्यांवर मोटारी आणि लॉऱ्या धावू लागल्या. मोटारीवरची आणि पेट्रोलवरची जकात मात्र केंद्राच्या तिजोरीत जात होती. खर्च एकाचा, उत्पन्न दुसऱ्याचे.

समितीने १९२८मध्ये अहवाल दिला. त्यानुसार १९२९च्या मार्चमध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनला चार आण्यांवरून सहा आणे झाला, आणि वाढलेले दोन आणे रस्त्यांसाठी वेगळ्या खात्यात जाऊ लागले. केंद्रीय रस्ता निधीचा हा जन्म. मुदत सुरुवातीला पाच वर्षांची होती. पुढे तो कायमचा झाला. यामागचा हिशेब सरळ होता. जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळेल, जड गाडी हलक्या गाडीपेक्षा जास्त जाळेल, आणि वसुलीला नाक्यावर शिपाई उभा करावा लागणार नाही. गाडी किती धावली ते मोजण्याचे काम पेट्रोलच करील. किलोमीटरमागे कर आपल्याकडे आला तो असा, गॅलनच्या वेशात.

त्या दोन आण्यांचे आज काय झाले? १९९८मध्ये पेट्रोलवर रस्त्यांसाठी लिटरमागे एक रुपया लावला गेला, २०००मध्ये निधीला कायद्याचे रूप आले, आणि सुवर्ण चतुष्कोनासारखी कामे त्यातून उभी राहिली. २०२५मधल्या २१ रुपये ९० पैशांत ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ या नावाचा भाग होता पाच रुपयांचा. राज्यांना ज्यातून वाटा मिळतो ते मूळ उत्पादनशुल्क होते फक्त १ रुपया ४० पैसे. बाकीचे विशेष अतिरिक्त शुल्क आणि शेतीच्या नावाचा उपकर. राज्याचा मूल्यवर्धित कर तर सरळ सर्वसाधारण तिजोरीत जातो. त्यातून शिक्षकांचे पगारही होतात आणि अनुदानेही.

म्हणजे रस्त्याच्या नावावर घेतला जाणारा पेट्रोलकर लिटरला पाच रुपये. पंधराने भागा, किलोमीटरला तेहेतीस पैसे. विजेची गाडी घरच्या बिलात पंचवीस-तीस पैसे शुल्क भरतेच आहे. ते रस्त्याच्या नावाचे नाही, पण नावाचाच प्रश्न असेल तर पेट्रोलच्या तीन रुपयांतलेही अडीचपेक्षा जास्त रस्त्याच्या नावाचे नाहीत. ‘फुकट’ हा शब्द इथे डळमळतो.

त्याला आधार मिळतो तो दुसऱ्या एका करात. राज्याचा मोटारवाहन कर, ज्याला आपण रोड टॅक्स म्हणतो. त्याचा कायदा १९५८चा. या कराचे नाते मुळात वापराशी होते. पूर्वी तो मुदतीमुदतीने भरावा लागे आणि गाडी बंद ठेवणार असे आगाऊ कळवले तर त्या काळाचा कर वाचवता येई. मग सोय म्हणून मोटारींसाठी एकरकमी कर आला. आज पेट्रोलच्या मोटारीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. विजेच्या गाडीला शून्य. २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींना सहा टक्के लावायचे घोषित झाले होते, ते महिन्याभरात मागे घेतले गेले.

नऊ लाखांची पेट्रोल गाडी घ्या. कर ९९ हजार. पंधरा वर्षे, वर्षाला आठ हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ब्याऐंशी पैसे. आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची गाडी फार तर इस्पितळ, वसईची बहीण आणि वर्षातून एकदा गावी जाते. वर्षाला अडीच हजार किलोमीटर. त्यांना तोच कर किलोमीटरला दोन रुपये चौसष्ट पैसे पडतो. वर्षाला वीस हजार किलोमीटर पळवणाऱ्याला तेहेतीस पैसे. ज्याची चाके सर्वांत कमी फिरतात त्याला रस्ता सर्वांत महाग! एकरकमी कराचा हा दोष पेट्रोलच्या किमतीत झाकला जात होता, कारण पंपावर जास्त फिरणारा जास्त भरतच होता. पेट्रोल गेले की झाकण निघते.

वापराप्रमाणे पैसे घेण्याची आपल्याला माहीत असलेली तिसरी रीत म्हणजे टोल. तिच्याबद्दल मीरा-भाईंदरकरांना कोणी काही शिकवायला नको. १९५८च्या त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये एक गंमत आहे. या कलमाने मोटारींवरचे स्थानिक संस्थांचे टोल आणि चाककर काढून टाकले, आणि पुढे त्याच कलमात पोटकलम घालून पूल आणि रस्ते यांवर टोल घ्यायची मुभा राज्याने स्वतःला दिली. दाराला लावलेल्या कुलपाची किल्ली दारातच टांगलेली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या उड्डाणपुलांचा खर्च काढायला वेशीवरचे पाच नाके आले: दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. दहिसरच्या नाक्यावर मोटारीला शेवटी ४५ रुपये पडत. बोरिवलीहून कुलाब्याला जाणारा मोटारवाला शहराचे सगळे उड्डाणपूल वापरून एक पैसा देत नसे, आणि मीरा रोडहून दहिसरला भाजीला जाणारा ४५ रुपये देई. हा रस्त्याचा कर नव्हता, रेषा ओलांडण्याचा कर होता. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना तो माफ झाला. जड वाहनांसाठी नाका आहे, रांगाही आहेत. तो पुढे सरकवण्यासाठी परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५मध्ये जोर लावला तेव्हा वसईकर म्हणाले, आमच्या दारात नको. नाका कुठेही ठेवा, तो कोणाच्या तरी दारातच असतो.

याच वाटेवर, दक्षिणेला, माहीमचा पूल आहे. खाडीवरचा तो बांधरस्ता १८४५मध्ये खुला झाला. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाख रुपयांहून जास्त दिले, आणि अट घातली की या वाटेवर टोल घ्यायचा नाही. नाक्याविना रस्ता व्हायचा तर कोणीतरी आधी पैसे घालावे लागतात. तेव्हा ते एका बाईने घातले, पुढे पेट्रोलने घातले.

विजेच्या गाडीने पुढचा प्रश्न उभा केला आहे. महाराष्ट्राचे नवे वीजवाहन धोरण मे २०२५मध्ये लागू झाले, ३१ मार्च २०३०पर्यंत. त्यात मोटारवाहन कर माफ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोल माफ आहे. अटल सेतूवर २२ ऑगस्टपासून ती माफी सुरूही झाली. पंपावरचा कर नाही, खरेदीवरचा कर नाही, मोठ्या रस्त्यांवर टोल नाही. हवा स्वच्छ व्हावी म्हणून ही सवलत असेल तर मला ती पटते. दिल्ली-मुंबईच्या थंडीतल्या हवेची किंमत कोणत्या तरी खात्यात मांडायलाच हवी. पण सवलत उतरवायची कशी, याबद्दल धोरणात शब्द नाही.

ज्यांनी ती उतरवली त्यांच्याकडे पाहू. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या गाड्यांकडून १९७८पासून अंतरावर कर घेतात. हजार किलोमीटरचे परवाने आगाऊ विकत घ्यायचे आणि काचेवर चिठ्ठी लावायची. विजेच्या गाड्यांना २००९पासून माफी होती. १ एप्रिल २०२४ला ती संपली. आता मोटारीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर, आपल्या पैशांत किलोमीटरला चार रुपयांच्या जवळपास. तिथल्या लोकांनी कुरकुर केली पण उलथापालथ झाली नाही, आणि मला त्याचे कारण असे दिसते की तिथला पेट्रोलकरही वाहतूक निधीतच जातो. पैसा कुठे जातो ते दिसते. आइसलँडने २०२४च्या जानेवारीपासून विजेच्या गाड्यांना किलोमीटरला सहा क्रोना लावले.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याची गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे, कारण तोही आपल्यासारखा संघराज्याचा देश. व्हिक्टोरियाने जुलै २०२१पासून विजेच्या गाड्यांवर किलोमीटरला अडीच सेंट लावले. दोन वाहनचालक न्यायालयात गेले. १८ ऑक्टोबर २०२३ला तिथल्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की हा अबकारी स्वरूपाचा कर आहे आणि तो लावायचा हक्क केवळ केंद्राचा. वसूल केलेले पैसे परत करावे लागले. आपल्या राज्यघटनेत तो घोळ नाही. सातव्या अनुसूचीच्या राज्यसूचीत नोंद ५७ आहे, रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवरचे कर; नोंद ५९ टोलची; नोंद ५३ विजेच्या वापरावरच्या कराची. वाहनकराची तत्त्वे ठरवण्यात केंद्राला समवर्ती सूचीतून वाव आहे, पण कर राज्याचा. म्हणजे किलोमीटरमागे कर आला तर तो मुंबईतून येईल आणि पैसाही मुंबईत राहील. पेट्रोल आटेल तशी केंद्राची उत्पादनशुल्काची गंगा मात्र पूर्ण आटते. म्हणून वाटेल तेव्हा केंद्र यात हात घालील असे मी धरून चालतो.

हात घातलाच आहे, म्हणा ना. १० सप्टेंबर २०२४ला राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्कनियमांत बदल झाला. उपग्रहाशी जोडलेले यंत्र गाडीत असेल तर दिवसाला २० किलोमीटरपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे धावलेल्या अंतराचे शुल्क. देशभर ते सुरू झाले नाही. उलट १५ ऑगस्ट २०२५पासून तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास आला, जो पुन्हा अंतर न मोजता नाके मोजतो. पण नियम कागदावर आहे. आणि उपग्रहाने मोजायचे म्हणजे गाडी किती धावली एवढेच नव्हे, तर कुठे, केव्हा, कोणत्या दवाखान्यापुढे किती वेळ उभी होती, हेही कुठेतरी नोंदले जाणार. २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे. दोन आण्यांच्या करात हा त्रास नव्हता. पेट्रोल कोणाची चुगली करत नाही.

उपग्रहाची गरजही नाही. २०२२च्या जुलैमध्ये विमा नियामकाने ‘जेवढे चालवाल तेवढा हप्ता’ अशा मोटारविम्याला परवानगी दिली. गाडीतल्या मीटरचा आकडा कंपनीला कळवायचा, झाले. विमा दरवर्षी घ्यावा लागतो. त्याच वेळी तो आकडा परिवहन खात्याला कळवता येईल. मीटर मागे फिरवणारे कारागीर आपल्याकडे आहेत, मान्य. पण दरवर्षी नोंद होऊ लागली की मागे फिरलेला आकडा पुढच्या वर्षी उघडा पडतो.

आता माझ्या मते खरा पेच. या शहरातले निम्मे लोक इथे हौसेने आलेले नाहीत. गिरगावातली, परळची, अंधेरीची खोली परवडेना म्हणून माणसे दहिसरच्या खाडीपलीकडे आली. चर्चगेट इथून चाळीसेक किलोमीटर. बहुतेक जण लोकलने जातात हे खरे, पण रात्रपाळीचा परिचारक, विमानतळावर पहाटे चारला पोचायचे असलेला कर्मचारी, विजेची टॅक्सी चालवणारा मुलगा, यांना अंतर निवडता येत नाही. टॅक्सी वर्षाला चाळीस हजार किलोमीटर सहज धावते. किलोमीटरला एक रुपया म्हटले तरी चाळीस हजार रुपये. जो शहराच्या पोटात राहतो त्याचे किलोमीटर कमी, म्हणून कर कमी. घर परवडले नाही म्हणून दूर गेलेल्याला वर अंतराचाही दंड. नुसत्या अंतरावर कर लावला तर दहिसरच्या नाक्याचा अन्याय वेश बदलून येईल.

आणि रस्ता झिजवतो कोण? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून प्रयोग झाला. त्यातून असे निघाले की रस्त्याची हानी आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. मोटारीच्या आसावर पाऊण टन आणि ट्रकच्या आसावर दहा टन धरले, तर ट्रकचा एक आस मोटारीच्या आसाच्या तीस हजार पटींहून जास्त रस्ता झिजवतो. बॅटरीमुळे विजेची मोटार पाव पट जड असली तरी त्या हिशेबात ती धूळच. घोडबंदर रस्त्यावरून रात्रभर जाणाऱ्या कंटेनरांकडे पाहिले की मोटारीच्या पैशांवर चाललेली आपली सगळी चर्चा जरा लुटुपुटीची वाटू लागते. मोटार खाते ती जागा आणि वेळ, डांबर नव्हे.

म्हणून मला जे सुचते ते असे. खरेदीवरचा एकरकमी कर सगळ्याच मोटारींना कमी करावा. विजेच्या खाजगी मोटारीला वर्षाचे पहिले पाच हजार किलोमीटर मोकळे, पुढे किलोमीटरला पन्नास पैसे, म्हणजे पेट्रोलवाल्याच्या कराच्या सहाव्या हिश्शाइतके. टॅक्सीला वेगळा, ठरीव दर. अंतराची नोंद विम्याबरोबर. आणि यातला वाटा गाडी ज्या शहरात नोंदली आहे तिथल्या महापालिकेला. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पेट्रोलच्या ४६ रुपयांच्या साखळीत महापालिका कुठेच थेट नाही, आणि मीरा रोड स्थानकापासून माझ्या घरापर्यंतचे खड्डे मात्र तिचेच. जयकरांनी लोकल बोर्डांसाठी मांडलेला प्रश्न जिथल्या तिथे आहे. २०२५मध्ये मीरा-भाईंदरला एमएच-५८ हा स्वतःचा नोंदणीक्रमांक मंजूर झाला, त्यामुळे यापुढे या शहराच्या गाड्या कोणत्या हे ठाण्याच्या एमएच-०४मधून निवडत बसावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र आताच करायला हवी. २०३०च्या मार्चमध्ये शेवटच्या दिवशी माफीने घेतलेली गाडी २०४५पर्यंत रस्त्यावर असेल. तिच्या मालकाला आज विक्रेता सांगतो, रोड टॅक्स शून्य. तो शून्य गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे की धोरणाच्या मुदतीपुरता, हे नोंदणीच्या पावतीवर एका ओळीत छापता येईल. सध्या तिथे फक्त शून्य छापलेले असते.